हाडकीची जमीन आणि वाढवलेला संच

मी, खाली सही करणारा भाऊसाहेब सखाराम भिंगारदिवे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा निवृत्ती, मूळ राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, हल्ली राहणार सावेडी, अहिल्यानगर (माझ्या तोंडी अजून नगरच येते), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर, सकाळचा चहा झाल्यावर लिहायला बसलो आहे. आज शुक्रवार, दिनांक १९ डिसेंबर २०२५. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी गीताबाई शेजारी मेथी निवडत बसली आहे. तिचे दडपण धरायचे असेल तर ते सेहेचाळीस वर्षांचे जुने आहे आणि मला त्याची सवय आहे.

माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शरीराचे म्हणाल तर गेल्या मंगळवारी छातीचा फोटो काढला. जन्म राखेत गेला, तेव्हा छातीतही राखच भरली असणार अशी माझी पक्की खात्री होती. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "काका, फुप्फुसं साफ आहेत. खोकला पित्ताचा आहे, चहा कमी करा." तीस वर्षे बाळगलेली भीती एका वाक्यात गेली. दवाखान्याच्या पायऱ्या मी एकट्याने, कठडा न धरता उतरलो. मरणाची घाई नाही हे कळल्यावरच माणसाने मृत्युपत्र लिहावे, म्हणजे अक्षर चांगले येते.

कलम एक. मी कोण.

वकीलबाई, म्हणजे ॲडव्होकेट अश्विनी कराळे, यांनी बजावले आहे की मृत्युपत्रात आत्मचरित्र नको. मी म्हटले, चवीपुरते. आयटीआय करून १९८० साली मी वीज मंडळाच्या मुलाखतीला गेलो. साहेबांनी नाव वाचले आणि म्हणाले, "भिंगारदिवे. आडनावातच दिवे आहेत, घ्या ह्याला." बाकीच्यांना अर्धा अर्धा तास पिळले, मला दोन मिनिटांत सोडले. एवढ्या लवकर घरी आलेला बघून वडिलांना वाटले, पोरगे नापास झाले.

तेव्हापासून परजिल्ह्यातल्या एका औष्णिक केंद्रात बत्तीस वर्षे काढली. आधी कोळशाच्या पट्ट्यावर, मग बॉयलरवर, शेवटी कंट्रोल रूममध्ये. तीन नंबरचा संच माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. संच म्हणजे एक बॉयलर, एक टर्बाइन आणि एक जनरेटर, मिळून एक बिऱ्हाड. १९८५ साली त्याची वीज पहिल्यांदा तारेत गेली तेव्हा पाळीवर आम्ही चौदा जण होतो. त्यातले दोघे उरलो आहोत, आणि दुसऱ्याला आता ऐकू येत नाही.

माझ्या वारसांना एक सूचना. कोणी कोळशाला नावे ठेवू लागला तर ऐकून घ्यावे, पण मान डोलवू नये. त्या कोळशावर माझी मुलगी यशोधरा एम.एस्सी. झाली आणि तिसगावची पिठाची गिरणी फिरली. त्याच कोळशाने कॉलनीतल्या पोरांची नाके बारा महिने वाहती ठेवली, हेही तितकेच खरे. दोन्ही एकाच तोंडाने सांगता आले पाहिजे. जगभरचे शहाणे लोक परिषदा भरवून कोळसा कधी जाणार याच्या तारखा देतात. मला विचाराल तर दुपारचा कोळसा गेलाच, तेव्हा उन्हाची वीज पुरते. संध्याकाळी सात वाजता, ऊन उतरलेले आणि घरोघर मिक्सर, टीव्ही लागलेले, तेव्हा अजून त्याच्याशिवाय पान हलत नाही. बॅटऱ्या स्वस्त होतील तशी ती वेळही जाईल. जाऊ द्या. मला तर सुटल्यासारखे वाटते. बत्तीस वर्षे आगीवर नजर ठेवलेल्या माणसाला कोणी सांगितले की बाबा, आता बघितले नाहीस तरी चालेल, तर तो रडत नाही, पाय पसरून बसतो.

कलम दोन. घर.

सावेडीतले रो हाऊस माझ्या पश्चात गीताबाईचे, ती आहे तोवर पूर्णपणे तिचे. तिच्यानंतर मुलगा प्रशांत आणि मुलगी यशोधरा यांचे निम्मे निम्मे. घर राखेच्या विटांचे आहे. गीताबाईला हे मी घर घेतल्यावर तीन वर्षांनी सांगितले, कारण कॉलनीत तिने जन्मभर खिडकीच्या कट्ट्यावरची राखच पुसली होती. ती म्हणाली, "म्हंजे हितंबी ती सोडीना व्हय मला?" आता ती रोज सकाळी कट्टा पुसते आणि फडके मला दाखवते. "बगा, पांढरंच हाय. पुसल्यावानी वाटतच न्हाई."

कलम तीन. पोस्टातली ठेव गीताबाईची. याविषयी लिहिण्यासारखे काही नाही, वारस म्हणून तिचे नाव तिथे आधीच लागलेले आहे.

कलम चार. अवजारे.

पितळी पट्टीचे हेल्मेट, निळी काच आणि सळई, एवढेच माझे धन. निळी काच बॉयलरच्या झरोक्यातून जाळ बघायची असते. साध्या डोळ्यांना सगळा जाळ सारखा दिसतो, काचेतून बघितले की कुठे नीट जळते आणि कुठे नुसता धूर होतो ते कळते. ती प्रशांतच्या मुलीला, माझी नात मोनिका हिला द्यावी. तिने ती ग्रहण बघायला वापरू नये, ती त्यासाठी नाही. सळई दोन फूट लांब आहे. तिचे एक टोक बेअरिंगवर आणि दुसरे कानाच्या मागच्या हाडावर टेकवले की यंत्राच्या पोटातले बोलणे ऐकू येते. साहेब लोक मीटर बघायचे, आम्ही सळई लावायचो, आणि आधी आम्हाला कळायचे. सळई प्रशांतला. हेल्मेट कोणाला नको असेल तर त्यात गीताबाईने कोथिंबीर लावावी.

कलम पाच. झुंबरबाईंसाठी.

तीन नंबरचा संच ह्या वर्षी थांबला. कायम नोकरीतल्या माणसांना बदलीचे कागद मिळाले. ठेक्यावरच्या माणसांना गेटवर सांगितले, उद्यापासून येऊ नका. त्यांत झुंबरबाई आहेत. धावत्या पट्ट्यावरच्या कोळशातून हाताने दगड वेचायचे, हे त्यांचे काम. ठेकेदार आठ बदलले, बाई तीच. त्यांच्या नोकरीच्या कागदावर मात्र सहाच वर्षे दिसतात, कारण प्रत्येक नव्या ठेकेदाराने त्यांना नव्याने कामावर घेतले आणि आधीच्यांनी काही नोंदवलेच नाही. मला त्यांना माझ्या मालमत्तेतले काही देण्याचा अधिकार वाटत नाही आणि त्या घेणारही नाहीत. साक्ष देण्याचा अधिकार आहे, तो वापरतो. मी पट्ट्याचा सुपरवायझर होतो त्या १९९३ सालापासून माझ्या निवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१२ सालच्या मे महिन्यापर्यंत, एकोणीस वर्षे झुंबरबाई सलग कामावर होत्या, हे मी पूर्ण शुद्धीवर लिहून देतो. नंतरची वर्षे प्रशांतने पाहिली आहेत, ती त्याने सांगावीत. हे कलम फाडून वेगळे वापरता येईल असे मी वेगळ्या पानावर लिहिले आहे. मी जिवंत असतानाही वापरावे. मला बोलावले तर मी येईन.

कलम सहा. तिसगावची जमीन.

हे कलम मोठे आहे. खरे तर मृत्युपत्र ह्याच्यासाठीच आहे.

तिसगाव शिवारातील पाच एकर दहा गुंठे जमीन वडिलोपार्जित असून माझ्या एकट्याच्या नावावर आहे. सातबारा सोबत जोडला आहे. ह्या जमिनीला गाव हाडकी म्हणते. आमच्या आज्या-पणज्यांनी गावची मेलेली गुरे ओढायची, त्या कामाच्या वतनात ही मिळाली. छप्पन्न साली वडिलांनी दीक्षा घेतली आणि ते काम टाकले. जमीन राहिली. खाली सगळा मुरूम, बाजरी पेरली तर बियाणे परत मिळेल याचाही भरवसा नाही. चावडीपुढे एक जण वडिलांना हसून म्हणाला होता, "सखाराम, हाडकीत काय पिकणार, हाडं?" मी तेव्हा सात वर्षांचा होतो आणि वडिलांचे बोट धरून उभा होतो. तो माणूस आता नाही. त्याचे नाव लिहून मी त्याला ह्या कागदात जागा देणार नाही.

२०२२ साली सोलरवाले आले. त्यांना काळी जमीन नको होती. मुरमाड, सपाट आणि सबस्टेशनच्या जवळची हवी होती, आणि गावात तसली एकच होती. वतनाची असल्यामुळे परवानगीचे कागद दोन वर्षे फिरले. २०२४ च्या दसऱ्याच्या सुमारास सोलरच्या पाट्या बसल्या, आणि शेजारच्या विहिरींवरच्या सगळ्या मोटारींना दिवसाची लाईट सुरू झाली. आदिनाथ मरकड हा आमचा बांधकरी, बांधाला बांध लागलेला, माझ्याच वयाचा. आधी रात्री लाईट यायची आणि हा काठी घेऊन वाफ्यात उभा. आठ दिवसांनी तो बाजरीचे चुंगडे घेऊन सावेडीला आला. "भाऊसायब, तुझ्या हाडकीनं मला रातचं झोपू दिलं गड्या. आता बायकू म्हंती, तू लई घोरतो."

करार तीस वर्षांचा आहे. तो संपेल तेव्हा मी शंभर वर्षांचा असेन. मालकाच्या सहीच्या जागी तेव्हा कोण, हे कंपनीला आत्ताच लिहून पाहिजे.

आता प्रशांतविषयी. वय बेचाळीस. मीच त्याला २००६ साली आमच्या केंद्रात चिकटवला, आणि मी निवृत्त झाल्यावर तो तीन नंबरच्या कंट्रोल रूममध्ये माझ्याच खुर्चीवर बसला. जमीन सोलरला देताना तो हसत हसत म्हणाला होता, "अण्णा, रोज दुपारी बाराला वरून फोन येतो, लोड खाली घ्या, ऊन आलंय. आता ते ऊन आपल्याच शेतातलं असणार." हसला, पण त्याला लागले होते. बॉयलर एका चालीने चालावा म्हणून बांधलेला असतो. रोज दुपारी त्याला खाली घ्यायचे आणि संध्याकाळी पळवत वर न्यायचे म्हणजे म्हाताऱ्याला उठाबशा काढायला लावणे. प्रशांत ते रोज करत होता आणि संचाला जपत होता.

ह्या वर्षी जानेवारीपासून घरात एकच विषय. तीन नंबरची मुदत संपत होती. सरकार ती वाढवणार की नाही? प्रशांत दर आठवड्याला फोन करायचा. मी विचारायचो, "वाढवतील का रे?" तो म्हणायचा, "वाढवतील म्हणतात." मार्चअखेरपर्यंत वाढवणे हा एकच शब्द आमच्या दोघांच्या तोंडी होता.

एकतीस मार्चला मी तिसगावात पाट्यांपाशी आदिनाथबरोबर उभा होतो. दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी प्रशांतचा मेसेज आला. तीनच शब्द. "तीन नंबर वाढवला."

मला आनंद आवरेना. स्टँडवर जाऊन दोन किलो पेढे आणले आणि पाट्यांच्या फाटकाशी उभा राहून येईल त्याला वाटले. आदिनाथने चार खाल्ले.

दोन दिवसांनी पेपरात वाचले की तीन नंबरचा संच एकतीस मार्चला कायमचा बंद झाला.

आता चूक सांगतो, कारण ती दुसऱ्या कोणाकडून होणारच नाही. आपल्याकडे नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. आमच्या घराने नारळ छप्पन्न सालीच सोडला, पण शब्द कुठे सुटतात? आमच्या पहिल्या शिफ्ट इन्चार्जची शिस्त होती की कंट्रोल रूममध्ये "संच बंद केला" असे अशुभ तोंडातून काढायचे नाही. "संच वाढवला" म्हणायचे. दुरुस्तीला थांबवला तरी वाढवला. ही रीत मी बत्तीस वर्षे पाळली, आणि प्रशांत नोकरीला लागला त्या पहिल्या आठवड्यात त्यालाही मीच शिकवली. सरकारने मुदत वाढवली असती तर "वाढवली" आले असते. पोराने "वाढवला" लिहिले होते. ला आणि ली, एवढाच फरक. मला ली हवी होती, म्हणून ला दिसला नाही.

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. स्वतः शिकवलेला शब्द स्वतःला कळला नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? त्यात चार दिवसांनी प्रशांतने आईला फोनवर म्हटले, "अण्णांना विचार, पेढे गोड लागले का." म्हणजे माझी फजिती त्याच्या कानावर गेली होती आणि तो बापाची चेष्टा करत होता. मला राग आला. मी फोन केला नाही. त्यानेही केला नाही. चौदा एप्रिलला, जयंतीला, तो आला तो आईशी बोलून गेला. "यांना सांग जेवायला बसा," असे तो माझ्यासमोर तिला म्हणाला. आज पावणेनऊ महिने झाले.

चूक माझी होती, हे ह्या कागदावर कबूल करतो. पण चेष्टा करायला नको होती, हेही लिहून ठेवतो. असो. जमीन माझ्या पश्चात प्रशांतला एकट्याला द्यावी. जमीन घेताना तरी त्याला माझ्याशी चार शब्द मनातल्या मनात बोलावे लागतील. यशोधराने रीतीप्रमाणे भावाला हक्कसोड लिहून द्यावी, तिला साडीचोळी करावी. तिला हे मी फोनवर सांगितले. ती देवळाली प्रवराला शाळेत विज्ञान शिकवते. "बरं अण्णा," एवढेच म्हणाली.

कलम सात. अंत्यविधी.

त्रिशरण-पंचशील व्हावे, भाषणे होऊ नयेत. मला लाकडावर ठेवू नये. अमरधाममधली विद्युतदाहिनी चालू असेल तर तिथे न्यावे, आणि शक्यतो दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान, कारण तेव्हा तारेतली वीज उन्हाची असते. संध्याकाळी सातनंतर नेले तर पुन्हा कोळशावरच जाईन. बत्तीस वर्षे मी त्याला जाळले, त्याने उट्टे काढू नये. आणि भाऊसाहेब "वाढवले" असे कोणी म्हणू नये. सरळ "गेले" म्हणावे. त्या शब्दाने एकदा केले तेवढे पुरे.

कलम आठ. रविवार, दिनांक २१ डिसेंबर २०२५.

वरची सात कलमे मी शुक्रवारी दुपारपर्यंत लिहिली आणि गीताबाईला वाचायला दिली. ती कॉलनीतल्या प्रौढवर्गात वाचायला शिकलेली, बोट ठेवून वाचते. सहाव्या कलमापाशी तिचे बोट थांबले. पुन्हा वरून वाचले. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितले.

"आवो, संच चालू ऱ्हाणार म्हनून वाटले व्हय पेढे तुमी?"

"मग कशाला वाटीन?"

"मला वाटलं, पाट्यांचं भाडं आलं आसंल. आन् त्याला वाटलंय, संच बंद पडला म्हनून वाटले! कुनीतरी फोटू पाठीवला त्याला त्याच दिवशी. तुमाला सांगू नगं म्हनला हुता. तुमी पाट्यांम्होरं हुबं, हातात पेढ्यांचा पुडा, हसताय."

मला कुठल्या फोटोचे काही माहीतच नव्हते. ज्या दिवशी त्याच्या हाताने संच थांबला त्याच दिवशी बाप सोलरच्या पाट्यांपुढे पेढे वाटतो आहे, असे त्याने पाहिले होते. पेढे गोड लागले का, ही चेष्टा नव्हती.

गीताबाईने मला विचारले नाही. तिने प्रशांतला फोन लावला आणि सहावे कलम त्याला वाचून दाखवायला सुरुवात केली. बोट ठेवून, एकेक शब्द. वतन, हाडकी, सगळे. मी म्हटले, अगं, शेवटचे तेवढे वाच. ती म्हणाली, "गप ऱ्हावा." वीस मिनिटे वाचत होती. मग ती म्हणाली, "तुमाला देऊ म्हंतोय."

"अण्णा," प्रशांत म्हणाला, "ला होतं ते."

"दिसलं नाही रे."

"तुम्हीच शिकवलं होतं."

"हो."

मी रडलो, आणि तोही रडत होता हे मला ऐकू येत होते. मग त्याने सांगितले. त्या दिवशी बटणावर हात ठेवल्यावर त्याला मला फोन करायचा होता. तोंडाने सांगणे जमेना, म्हणून मेसेज केला. माझा उलट फोन येईल म्हणून तो कंट्रोल रूममध्ये पाळी संपल्यावरही दीड तास बसून राहिला. फोनऐवजी फोटो आला. हे ऐकून जे वाटले ते मी लिहू शकत नाही. एवढेच लिहितो की शुक्रवारी संध्याकाळी मी पोटभर जेवलो, आणि गीताबाईने न मागता दुसरी भाकरी वाढली.

काल तो एसटीने आला. आल्याबरोबर पाया पडला नाही, शेजारी येऊन बसला. ते मला जास्त बरे वाटले. त्याची बदली झाली होती तिथून तो आता परत आमच्याच केंद्रात जाणार आहे. तीन नंबरच्या कोळशाचा ढीग जिथे असायचा तिथे बॅटऱ्यांचे कंटेनर बसणार आहेत, दुपारचे ऊन साठवून संध्याकाळी सोडायला. त्या कामाच्या प्रशिक्षणाच्या यादीत प्रशांतचे नाव आहे. "तारा त्याच, अण्णा," तो म्हणाला, "फक्त माल बदलला." झुंबरबाईंचे पान मी दाखवले. त्याने २०१२ ते २०२५ अशी तेरा वर्षे त्याच पानाखाली स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि सही केली.

आज सकाळी वकीलबाई आल्या, आणि साक्षीला आदिनाथ तिसगावहून आला. दुसरे साक्षीदार शेजारचे जोशी काका ठरले होते. प्रशांत म्हणाला, "मी करतो सही."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही करता येणार. ज्याला मिळणार, त्याने साक्षीला बसू नये. उद्या कोणी वाकडा प्रश्न काढला तर उत्तर देत बसावं लागतं."

"मग मला काही देऊ नका."

मी म्हटले, "पाच एकर आहे प्रशांत."

"ऐकलं मी. आईनं सगळं वाचलं. ताईला हक्कसोड करायला लावणार होतात तेही ऐकलं. अण्णा, त्या दिवशी मी तिथं नव्हतो. फोटो बघितला आणि नऊ महिने घालवले. आता तुम्ही सही कराल ती मला समोर बसून बघायची आहे."

आदिनाथ म्हणाला, "पोरगं सरळ बोलतंय गड्या. जिमीन काय, ती हाय तिथंच ऱ्हाती."

वकीलबाईंनी पुन्हा पुन्हा विचारले. तो हलला नाही. तेव्हा मी पुढीलप्रमाणे ठरवतो. वकीलबाई सगळे नव्याने टाईप करू म्हणाल्या, पण मी नको म्हटले. मृत्युपत्रात नंतरचे कलम आधीच्याला बाजूला सारते. माझे आधीचे कलम खोडले न जाता तिथेच दिसावे अशी माझी इच्छा आहे.

(अ) कलम सहामधील जमिनीची वाटणी रद्द. हाडकीची जमीन निम्मी यशोधराला आणि निम्मी मोनिकाला. कोणीही कोणालाही हक्कसोड लिहून देणार नाही. यशोधराला हे आत्ताच फोनवर कळवले. ती म्हणाली, "अण्णा, साडी तरी मिळणार ना?" मिळेल.

(ब) कलम दोनमधील प्रशांतचा हिस्साही त्याच्या मागणीवरून मोनिकाला.

(क) कलम चारमधील सळई मृत्युपत्रातून काढली आहे, कारण वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदाराला लोखंडाचा तुकडासुद्धा नको. ती मी आज सकाळी, जिवंतपणी, सर्वांदेखत त्याच्या हातात दिली. त्याने ती फ्रिजला लावून ऐकली आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर जाणार आहे."

हे मृत्युपत्र माझे पहिले आणि शेवटचे. याआधी मी असे काही लिहिलेले नाही, आणि यानंतर लिहावे असे माझ्याजवळ काही उरलेले नाही. वाचून, समजून, आणि फार हलके होऊन सही करतो.

ठिकाण: सावेडी, अहिल्यानगर
दिनांक: २१ डिसेंबर २०२५, दुपारी सव्वाबारा

(सही) भाऊसाहेब सखाराम भिंगारदिवे

साक्षीदार एक: आदिनाथ गेणू मरकड, वय ७१, धंदा शेती, राहणार तिसगाव. भाऊसाहेबांनी सही आमच्यादेखत केली. पेढे मी खाल्ले होते, त्यांना तेव्हा खरंच आनंद झाला होता, हे वकीलबाईंना सांगून लिहून घेतले आहे.
(सही) आदिनाथ मरकड

साक्षीदार दोन: प्रशांत भाऊसाहेब भिंगारदिवे, वय ४२, धंदा नोकरी. मला ह्या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. अण्णांनी सही केली तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मी स्वतः पाहिले.
(सही) प्रशांत भिंगारदिवे